तडकलेले प्लास्टिक

जालना हे पोलादाचे गाव. येथील रोलिंग मिलमधून निघालेल्या सळया दूरदूरच्या इमारतींच्या पोटात जाऊन बसतात. अशा गावी राहून आमच्या फादरांना प्लास्टिक सांधण्याचा नाद लागला आहे, हे ऐकून वाचकांना हसू येईल. परंतु मोटारींचेच रूप पालटले आहे, त्याला मी तरी काय करणार? अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांना चकाकणारे पोलादी बंपर असत. पोचा आला तर डेंटर आतून ठोकून तो काढी. आताच्या गाड्यांचे बंपर प्लास्टिकचे. ते पोचत नाहीत, तडकतात.

आमच्या धर्मग्रामाची गाडी जुनी आहे. मंठ्याच्या रस्त्यावर एका बिथरलेल्या रेड्याने तिला धडक दिली आणि पुढचा बंपर वीतभर चिरला. खालचा पदर लोंबून चाकाला घासू लागला. गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळाले, "नवीन टाका, फादर." नवीन टाकणे अशक्य नव्हते, पण आमच्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कोयत्यावर मिळवलेल्या पैशातून त्यांनी दानपेटीत टाकलेली नोट बंपरपायी खर्चावी, हे मनाला पटेना. शिवाय हीच गाडी रात्री-अपरात्री आजाऱ्याला घेऊन छत्रपती संभाजीनगरला धावते. तिला दारात उभी करून ठेवणेही परवडणारे नव्हते.

म्हणून प्रथम बंपर उतरवला आणि आतील बाजू पाहिली. बंपर हा केवळ मुखवटा; धक्का झेलणारी लोखंडी पट्टी त्याच्या मागे असते. ती वाकली असेल तर घरगुती उद्योग बंद करून गाडी कारागिराकडे न्यावी. आमची शाबूत होती. आतल्या अंगाला दोन कोनी खुणांमध्ये प्लास्टिकचे कुळ छापलेले असते. आमच्या बंपरवर 'पीपी' आणि पुढे 'ईपीडीएम' असे होते, म्हणजे रबराची जोड दिलेले पॉलिप्रॉपिलीन. हे पॉलिप्रॉपिलीन इटलीच्या ज्युलिओ नाट्टा यांनी 1954 साली सिद्ध केले, आणि 1963 साली कार्ल झिग्लर यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे कुळ ओळखणे फार महत्त्वाचे. पॉलिप्रॉपिलीनला बाजारातील झटपट चिकटणारा गोंद धरतच नाही. दोन दिवसांत सांधा सुटतो. आरशाचे कवच किंवा समोरची जाळी बहुधा एबीएसची असते. तिची गोष्ट निराळी. एबीएसचे तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी चिरेत भरली की ती एकजीव होते. सेमिनरीत अॅरिस्टॉटलचे द्रव्य आणि रूप घोकताना कंटाळा येत असे. येथे मात्र तो धडा हातात आला: उष्णतेने मऊ होणारे द्रव्य पुन्हा रूप घेते, फायबरग्लास मात्र एकदा घट्ट झाला की पुन्हा वितळत नाही.

कामाला हाताशी होता आमच्या वस्तीवरचा एक दहावी झालेला मुलगा. आधी बंपर साबणाने धुऊन कोरडा केला. चिरेच्या टोकाला बारीक छिद्र पाडले, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग चिरेच्या दोन्ही कडा तासून मध्ये उतरती खाच केली. आतल्या बाजूने स्टीलची बारीक जाळी कापून ठेवली आणि सोल्डरिंग आयर्नने दाबून प्लास्टिकमध्ये बुडवली. बाहेरून त्याच जातीच्या भंगार बंपरची पट्टी वितळवून खाच भरली. पॉलिप्रॉपिलीन सुमारे 160 अंशांना वितळते, आणि आयर्नचे टोक त्याहून कितीतरी तापलेले असते. म्हणून हात रेंगाळू द्यायचा नाही. धूर निघून प्लास्टिक काळे पडले, तर ते जळले व कमकुवत झाले असे समजावे. जळते पॉलिप्रॉपिलीन विझत्या मेणबत्तीसारखे वासते. वास ओळखीचा म्हणून तो छातीत भरून घेऊ नये. हे काम उघड्या अंगणातच करावे, आणि अॅसिटोनच्या जवळपास आयर्नच काय, उदबत्तीही नको.

एके काळी कल्हईवाला आणि डाग देणारा दारोदार येई. पुढे तापल्या सळईने प्लास्टिकच्या बादल्या सांधणारेही आले. आमचे काम त्यांच्याच वंशातले.

घासून, प्लास्टिकचा प्राइमर देऊन रंग मारला. रंग मूळ रंगाशी जुळला नाही. जुन्या बंपरवर मराठवाड्याचे ऊन बसलेले. त्या उन्हातील अतिनील किरण रेणूंच्या साखळ्या तोडतात, पृष्ठभाग पांढरट पडतो. तो रंग डब्यात कुठून मिळणार? पावसाळाभर गाडी अंबड-घनसावंगीच्या खड्ड्यांतून फिरली, सांधा धरून आहे.

परवा तो मुलगा आयर्न मागायला आला. घरची पाण्याची टाकी तडकली होती. 2013 च्या दुष्काळात टँकरचे पाणी साठवायला घेतलेली ती टाकी. उरलेल्या बंपरच्या पट्ट्या चालतील का, असे त्याने विचारले. चालणार नाहीत, टाकी पॉलिएथिलीनची, तिचे कुळ वेगळे. दुसऱ्या फुटक्या टाकीचा तुकडा भंगारवाल्याकडे मिळेल, असे सांगून मी त्याला सायकल दिली. तो तुकडा घेऊन आला, तेव्हा टाकी अर्धी रिकामी झाली होती.