डोळा पातळीवर

आमच्या वेळचा ऑक्सिजनेटर फेसाळायचा. हे सांगितलं की परफ्युजन, म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवणं, शिकणारी आजची मुलं चमकतात. त्यांच्या लेखी रक्तात फेस म्हणजे अपघात; आमच्या लेखी यंत्र नीट चालल्याची खूण. १९८०च्या दशकात मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात मी पंपावर बसायला शिकलो, तेव्हा हार्ट-लंग मशीनमधलं ‘लंग’ म्हणजे बबल ऑक्सिजनेटर. रुग्णाच्या महाशिरांमधून नळीने आलेलं काळपट रक्त प्लास्टिकच्या एका उभ्या नळकांड्यात उतरायचं, तळातून प्राणवायूचे बुडबुडे सुटायचे आणि रक्त बघता बघता लालभडक होऊन फसफसत वर चढायचं. वर सिलिकॉनचा अँटिफोम लावलेली जाळी असे. तिच्यात फेस मोडायचा, रक्त खालच्या कुंडात जमायचं आणि तिथून रोलर पंप ते महाधमनीत परत ढकलायचा. हृदय थांबलेलं, फुफ्फुसं मिटलेली, आणि माणूस त्या फेसावर जिवंत.

ही बुडबुड्यांची युक्ती मिनेसोटाची. तिच्याआधी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी वर्षानुवर्षं खपून आपलं यंत्र उभं केलं होतं आणि ६ मे १९५३ रोजी अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं भोक त्याच्या आधाराने बुजवलं होतं. सव्वीस मिनिटं ती सर्वस्वी यंत्रावर होती. पुढचे रुग्ण मात्र दगावले आणि गिबन यांनी तो नाद सोडला. त्यांच्या यंत्रात रक्ताचा पातळ पापुद्रा उभ्या जाळ्यांवरून ओघळायचा. काम चोख, पण यंत्र महाग आणि बोजड. मिनेसोटाच्या लिलहाय आणि डिवॉल यांनी १९५५मध्ये प्लास्टिकच्या नळ्या आणि बुडबुडे वापरून तेच काम स्वस्तात केलं. आपल्याकडच्या सार्वजनिक रुग्णालयांना ओपन हार्ट परवडू लागली त्यात या स्वस्ताईचा वाटा मोठा. पुढे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने देशी ऑक्सिजनेटरही तयार केला. आमचे वरिष्ठ डबा खाताना हमखास १९६८वर यायचे. त्या वर्षी परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण जगला काही तासच, पण त्या गोष्टीवर आमची अख्खी पिढी वाढली.

पंपावरचा पहिला धडा एका वाक्याचा होता : डोळा पातळीवर. कुंडात रक्त किती आहे, हे बघत राहायचं. मोठ्या माणसाला मिनिटाला चार लिटर प्रवाह लागतो, म्हणजे सेकंदाला साधारण ६६ मिलिलिटर. कुंडात अर्धा लिटर उरला आणि वरून येणारं रक्त अचानक थांबलं, तर हातात साडेसात सेकंद. त्यानंतर पंप रक्ताऐवजी हवा ढकलणार, आणि ती हवा थेट मेंदूत जाणार. आम्ही कुंडाच्या भिंतीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवत असू. पातळी पट्टीला टेकली की पंप मंद करायचा आणि कारण शोधायचं. कधी शिरेतली नळी भिंतीला चिकटलेली असे, कधी नळीत हवेचा गोळा अडकलेला, कधी कुणाचं कोपर नळीवर. रक्त यायचं ते निव्वळ उतारावरून, त्यामुळे “टेबल जरा वर घ्या” ही आमची नेहमीची मागणी, आणि तिच्यावर सर्जनांची नेहमीची कुरकुर. शिंक आली तरी मान वळवायची नाही, अशी शिस्त होती.

आता कुंडाला पातळीचा सेन्सर असतो, नळीवर बुडबुडा ओळखणारा डिटेक्टर असतो, आणि धोका दिसला की पंप स्वतःच थांबतो. उताराला हलक्या निर्वाताची जोड देता येते, त्यामुळे टेबलाची उंची सर्जनच्या पाठीला सोयीची ठेवतात. बबल ऑक्सिजनेटरही गेला. त्याच्या जागी मेंब्रेन आलं : शेवयांहून बारीक पोकळ तंतूंचा गठ्ठा, तंतूंच्या आतून वायू, बाहेरून रक्त, मध्ये सूक्ष्म छिद्रांची भिंत. रक्त आणि वायू यांची थेट घुसळण नाही, म्हणून पेशी कमी फुटतात. आमच्या वेळी पंपावर दोन-तीन तास उलटले की लघवीच्या पिशवीत लालसर रंग उतरायचा आणि भूलतज्ज्ञ काही न बोलता ती पिशवी उचलून आम्हाला दाखवायचे. ते दिवस गेले ते बरंच झालं. कुणी जुन्या यंत्रांच्या आठवणीने गहिवरलं, तर त्याने ती पिशवी आठवावी.

बबलची आणखी एक खोड होती, नव्या मुलांना ती समजावून सांगायला मला आवडतं. तिथे वायूची तोटी एकच. प्राणवायू वाढवायला तोटी उघडली की त्याच झोतात रक्तातला कार्बन डायऑक्साइडही धुऊन जायचा. तो फार उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे रक्त लाल, सर्जन खूश आणि मेंदू उपाशी. म्हणून वायू आणि रक्त यांचा प्रवाह जवळपास सारखा ठेवायचा, आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेला कार्बोजेनचा सिलिंडर शेजारी लागायचा. मेंब्रेनमध्ये दोन वेगळी बटणं आहेत : प्राणवायूचं प्रमाण वाढवलं की ऑक्सिजन वाढतो, एकूण वायूचा झोत वाढवला की कार्बन डायऑक्साइड उतरतो. दोन्ही आकडे पडद्यावर सतत दिसतात. आमच्या वेळी रक्ताचा नमुना शिपाई मामा जिने उतरून तळमजल्याच्या प्रयोगशाळेत नेत, आणि अहवाल येईपर्यंत रुग्णाची स्थिती बदललेली असे.

गणित मात्र होतं तिथेच आहे. १६० सेंटिमीटर उंची, ६० किलो वजन. शरीराचं पृष्ठफळ सुमारे १.६३ चौरस मीटर. त्याला २.४ने गुणलं की मिनिटाला ३.९ लिटर प्रवाह. आमच्या भिंतीवर तीन उभ्या रेघांचा तक्ता होता, त्यावर पट्टी आडवी ठेवून पृष्ठफळ वाचायचं. आज मोबाइल सांगतो. पुढचं गणित रक्त किती पातळ होणार याचं, कारण नळ्या भरायला सलाइन लागतंच. या साठ किलोच्या माणसाचं रक्त सुमारे ४२०० मिलिलिटर. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं शेकडा प्रमाण, ३६ असेल आणि यंत्रात १४०० मिलिलिटर सलाइन भरलं, तर पंपावर गेल्याबरोबर ते २७वर येतं. साधारण एकविसाच्या खाली गेलं की मूत्रपिंडांची काळजी सुरू होते. मोठ्यांचं एकवेळ निभतं, लहान मुलांत हे गणित जीवघेणं. दहा किलोच्या पोरात रक्तच ८०० मिलिलिटर. नळ्याही तितक्याच भरणीच्या असतील तर ३६चं थेट १८. मग भरणीला रक्त घ्यावंच लागायचं.

त्यासाठी नातेवाईक लागत. साताऱ्याहून, चिपळूणहून रात्रीच्या एसटीने आलेले पाच-सहा जण सकाळपासून रक्तपेढीच्या जिन्यावर बसलेले असत. काका, मेहुणे, गावातला मास्तर. ताज्या रक्ताची बाटली अजून कोमट असताना वर यायची. आज लहानग्यांसाठी आखूड, बारीक नळ्या आणि छोटे ऑक्सिजनेटर आहेत. भरणी तीनशेवर आणली की त्याच पोराचं हिमॅटोक्रिट २६ राहतं. मोठ्यांच्या कितीतरी शस्त्रक्रिया तर परक्या रक्ताचा थेंब न घेता होतात. जिन्यावरची ती गर्दी ओसरली, आणि परफ्युजनमधली खरी प्रगती मला विचाराल तर हीच.

रक्त गोठू नये म्हणून हेपरिन, किलोमागे ३०० ते ४०० युनिट. ते पुरेसं आहे का, हे पूर्वी बरंचसं ठरीव डोसांवर आणि अनुभवावर सोपवलेलं असायचं. १९७५मध्ये बुल आणि सहकाऱ्यांनी गोठण्याचा वेळ मोजून हेपरिन देण्याची रीत घालून दिली. हा वेळ, म्हणजे एसीटी, ४८० सेकंदांच्या वर गेल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही, हा आकडा तेव्हापासून ठाण मांडून आहे. आमच्याकडे यंत्र बिघडलं की काचेची नळी कोमट पाण्यात धरून तिरकी करत बसायचो, गाठ दिसते का बघत. शस्त्रक्रिया संपली की हेपरिनचा उतारा म्हणून प्रोटामिन. ते बनतं सॅमन माशाच्या नराच्या वीर्यापासून. मालवणच्या आमच्या सिस्टरांना हे कळलं, तेव्हा “म्हणजे सगळ्यांनाच शेवटी मासे खायला लागतात तर” असं म्हणून त्या शाकाहारी सर्जनांकडे बघून हसल्या होत्या.

थंडीचा जमानाही गेला. पूर्वी रुग्णाला २८ अंशांपर्यंत सर्रास उतरवत, कारण थंड शरीराला प्राणवायू कमी लागतो आणि पंप अडखळला तर चार मिनिटं जास्तीची मिळतात. मामा सकाळी बर्फाच्या लाद्या आणून गोणपाटात फोडत. हृदय थांबवणारं पोटॅशियमचं द्रावण, म्हणजे आमची ‘प्लेजिया’, चार अंशांवर गार करून दर वीस मिनिटांनी द्यायची. “सर, वीस मिनिटं झाली.” “थांब रे, एक टाका.” “सर, बावीस.” हा संवाद रोजचा. आता कोरोनरी बायपासला ३२-३४ अंशांवर भागतं. मुलांच्या हृदयांसाठी निघालेलं डेल निडो द्रावण मोठ्यांतही आलं, आणि एका डोसावर तास-दीड तास काढता येतो. परत तापवताना मात्र घाई चालत नाही. धमनीत जाणारं रक्त ३७ अंशांच्या वर न्यायचं नाही, नाहीतर मेंदू भाजतो. पूर्वी बंद करायच्या घाईत हे पाळलं जाईच असं नाही.

रुग्णही बदलले. तेव्हा टेबलावर असत ती संधिवाती तापाने झडपा खराब झालेली विशी-पंचविशीतली पोरं-पोरी, आज सत्तरीचे मधुमेही. अँजिओप्लास्टीने काही काम नेलं, धडधडत्या हृदयावरच्या ऑफ-पंप शस्त्रक्रियेने काही. आमचा धंदा बसणार असं वाटत होतं, तोवर एक्मो आलं. तेच पंप, तेच मेंब्रेन, फक्त तासांऐवजी दिवस आणि आठवडे. करोनाच्या काळात परफ्युजनिस्ट म्हणजे कोण, हे कित्येक घरांना पहिल्यांदा कळलं.

एक वस्तू तशीच राहिली : हँडल. रोलर पंपाला वीज गेली तर हाताने फिरवायचं. आमच्या वेळी जनरेटर सुरू होईस्तोवर दोघं आळीपाळीने फिरवत, तिसरा घड्याळ बघत. आजच्या यंत्राला बॅटरी असते, पण हँडल बाजूला टांगलेलं असतंच. सेंट्रिफ्युगल पंपाची तऱ्हा आणखी वेगळी. तो थांबला तर रक्त रुग्णाकडून उलटं यंत्रात येतं, म्हणून आधी धमनीच्या नळीला क्लॅम्प, मग बाकी सगळं. शिकवायला जातो तेव्हा मी मुलांना स्क्रीन झाकायला सांगतो आणि प्रवाह, हिमॅटोक्रिट, हेपरिन कागदावर काढायला लावतो. ती वैतागतात. त्यांचं शिक्षण आमच्यापेक्षा कितीतरी पद्धतशीर झालंय, पदव्या आहेत, चेकलिस्ट आहे, सर्जनने सांगितलेलं मोठ्याने परत म्हणायची रीत आहे. आमच्या काळापेक्षा आजचा रुग्ण सुरक्षित आहे, यात मला शंका नाही. तरी सेन्सर खोटं बोलतोय हे ओळखायला आधी खरा आकडा डोक्यात असावा लागतो, आणि तो कागदावरच तयार होतो.

तुमच्या घरचं कुणी ओपन हार्टला जाणार असेल तर दोन गोष्टी करा. उंची-वजन अंदाजाने लिहून देऊ नका, मोजून द्या. सारा प्रवाह त्यावर ठरतो. आणि माशाची ॲलर्जी, पूर्वी चालू असलेलं इन्सुलिन, आधीची हृदयशस्त्रक्रिया, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हे कुणी विचारलं नाही तरी आपणहून सांगा.