दृष्टीची राखण

पायात काटा रुतला तर पाय पुढचे पाऊल टाकू देत नाही. दाढ दुखू लागली तर ती साऱ्या घराला रात्रभर जागे ठेवते. शरीराचे बहुतेक अवयव आपले गाऱ्हाणे असे मोठ्याने मांडतात. डोळ्याची रीत मात्र निराळी आहे. धुळीचा एखादा कण आत गेला की तो पाणी ढाळून आकांत करतो. परंतु त्याची पाहण्याची शक्तीच कमी होऊ लागली, तर तो बहुधा एक शब्दही काढत नाही. ना वेदना, ना सूज, ना ताप. दृष्टी पावलांचा आवाज न करता निघून जाते. म्हणून ज्याला डोळे राखावयाचे आहेत, त्याने डोळे बोलत नाहीत तेव्हाही त्यांची विचारपूस करावयास शिकले पाहिजे.

सातवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. उंचीमुळे त्याला तो बाक मिळाला होता. फळ्यावरील उदाहरणे तो शेजाऱ्याच्या वहीत पाहून उतरून घेई आणि पुष्कळदा तिनाचा आठ करी. 'वर्गात लक्ष नाही' असा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकावर दोनदा पडला होता. खेळताना उंच उडालेला चेंडू त्याच्या हातून हटकून सुटे. एस.टी. अगदी जवळ येईपर्यंत तिची पाटी त्याला वाचता येत नसे, आणि लांबचे काही पाहावयाचे असले म्हणजे तो डोळे बारीक करी. घरी मात्र आजीची सुई ओवून द्यावयास तोच लागे. "माझ्या नातवाचे डोळे घारीचे आहेत हो!" असे आजी कौतुकाने सर्वांना सांगे. ज्याला सुईचे नेढे दिसते त्याला फळा दिसत नसेल, हे कोणाच्या मनात तरी कसे यावे? खुद्द त्या मुलाच्याही ते मनात आले नव्हते. दूरचे झाड म्हणजे हिरव्या रंगाचा एक ढीग, असेच सर्वांना दिसत असणार, अशी त्याची समजूत होती.

या समजुतीबद्दल त्याला दोष देता येणार नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांनी कोणालाच पाहता येत नाही. इंग्लंडमधील थोर शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांना आपल्या डोळ्यांतील उणीव वयाची पंचविशी उलटल्यावर कळली. १७९२ साली त्यांनी एक फूल दिवसाच्या उजेडात पाहिले, तेव्हा ते त्यांना आकाशासारखे निळे दिसले. मेणबत्तीच्या उजेडात तेच फूल तांबडे दिसले. त्यांनी इतरांस विचारले, तेव्हा असा पालट आपल्याला आणि आपल्या भावालाच काय तो दिसतो, असे त्यांस आढळून आले. १७९४ साली त्यांनी या दोषाविषयी निबंध वाचला. यालाच आज रंगांधळेपणा म्हणतात. तो बहुधा जन्मापासून असतो, घराण्यातून उतरतो आणि मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक आढळतो. तो वेळीच ध्यानात आला, तर ज्या व्यवसायात रंग ओळखण्यावर लोकांचे प्राण अवलंबून असतात, त्याखेरीज दुसरा व्यवसाय मनुष्याला निवडता येतो.

त्या मुलाच्या शाळेत एके दिवशी नेत्रतपासणी झाली. भिंतीवर अक्षरांचा एक तक्ता टांगला होता. वरचे अक्षर मोठे आणि खालच्या ओळी उत्तरोत्तर बारीक. हा तक्ता १८६२ साली नेदरलँड्समधील हर्मन स्नेलेन या नेत्रवैद्यांनी तयार केला, आणि त्याच धर्तीचे तक्ते आज निरनिराळ्या लिपींत आढळतात. सहा मीटरवर उभे राहून, एक डोळा झाकून, दुसऱ्याने वाचावयाचे. निरोगी डोळ्याने सहा मीटरवरून जी ओळ वाचावी ती वाचता आली, तर दृष्टी ६/६ लिहितात. त्या मुलाच्या कागदावर ६/३६ असा आकडा पडला. याचा अर्थ असा की, निरोगी डोळा जे अक्षर छत्तीस मीटरवरून ओळखतो, त्यासाठी या मुलाला सहा मीटरवर यावे लागत होते. वर्षभर जो आळस समजला गेला होता, त्याचे खरे नाव ऱ्हस्वदृष्टी असे होते.

त्याच दिवशी दुसरीतील एक लहान मुलगी तक्त्यासमोर उभी राहिली. डावा डोळा झाकून तिने सर्व ओळी घडाघडा वाचल्या. मग उजवा डोळा झाकताच ती एकदम गप्प झाली. तिचा डावा डोळा दुबळा होता, आणि उजवा दोघांचे काम करीत होता. त्यामुळे घरात कोणालाच पत्ता नव्हता. अशा डोळ्याकडून येणारे अंधुक चित्र मेंदू हळूहळू दृष्टिआड करावयास शिकतो, आणि डोळा 'आळशी' बनतो. त्यावर उपाय मोठा गमतीचा आहे. योग्य चष्मा देऊन चांगला डोळा रोज काही तास झाकून ठेवतात, म्हणजे आळशी डोळ्याला काम करणे भागच पडते. परंतु हा उपाय बालपणीच चांगला लागू पडतो. तिरळेपणाचेही तसेच आहे. तिरळा डोळा भाग्याचा, असे म्हणून स्वस्थ बसणे म्हणजे मुलाचा एक डोळा गमावण्याची तयारी करणे होय.

ऱ्हस्वदृष्टीत नेत्रगोल किंचित लांबट झालेला असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते आणि चित्र पुसट होते. अंतर्गोल भिंग ती प्रतिमा मागे सारून जागेवर आणते. प्रसिद्ध ज्योतिर्विद केप्लर यांनी ही गोष्ट १६०४ सालीच उलगडून दाखविली होती. हा दोष अलीकडे मुलांत वाढत आहे. घराण्याचा वारसा हे त्याचे एक कारण. तासन् तास जवळचे पाहणे आणि उघड्यावर न जाणे हे दुसरे. चीनमधील ग्वांगजौ शहरात बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतील मुलांना रोज चाळीस मिनिटे अधिक उघड्यावर नेण्यात आले. २०१५ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. इतर शाळांत शंभरातील सुमारे चाळीस मुलांना ऱ्हस्वदृष्टी जडली होती, तर मैदानावर जाणाऱ्या मुलांत तीसांनाच. मैदान हे केवळ हातापायांचेच नव्हे, डोळ्यांचेही औषध आहे. घरात असतानाही पुस्तक किंवा मोबाईल हातभर अंतरावर धरावा, आणि वीस-वीस मिनिटांनी मान वर करून खिडकीतून दूरचे काही पाहावे. त्याने डोळ्यांचा शीण उतरतो.

मुलाला चष्मा मिळाला. तो लावून तो शाळेबाहेर आला आणि चिंचेच्या झाडाखाली थबकला. हिरव्या ढिगाच्या जागी त्याला एकेक बारीक पान निराळे दिसत होते. समोरच्या घराची कौले त्याने मोजून पाहिली. परंतु दुसऱ्या दिवशी वर्गात कोणीतरी "ढापण्या!" अशी हाक मारली, आणि चष्मा दप्तरात गेला. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, असेही त्याला कोणी सांगितले. ही समजूत खोटी आहे. वाढत्या वयात नेत्रगोल वाढतो म्हणून नंबर वाढतो. चष्मा दप्तरात ठेवल्याने तो थांबत नाही.

त्याच सुमारास घरात आणखी एक गोष्ट उघडकीस आली. आजीने निवडलेल्या तांदळात खडे राहू लागले होते, आणि दिव्याभोवती तिला वलये दिसत. "म्हातारपण, दुसरे काय!" असे ती म्हणे. नातवाला मात्र तक्त्याची आठवण झाली. त्याने आजीला ओट्यावर बसविले आणि एक डोळा झाकून अंगणापलीकडच्या कौलांविषयी विचारले. आजीला कौले तर नाहीतच, छप्परही नीट दिसेना. तिला मोतीबिंदू झाला होता. डोळ्यातील स्वच्छ भिंग वयोमानाने गढूळ होते, त्याला मोतीबिंदू म्हणतात. मोतीबिंदूवरील एक शस्त्रकर्म सुश्रुतसंहितेतही सांगितले आहे. आता गढूळ भिंग काढून तेथे कृत्रिम भिंग बसवितात. ही युक्ती लंडनचे शल्यवैद्य हॅरॉल्ड रिडली यांची. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे शिरले, आणि ते आत राहूनही डोळ्याला बाधा झाली नाही, असे त्यांनी पाहिले. त्यावरून १९४९ साली त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग प्रथम मनुष्याच्या डोळ्यात बसविले. मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' वाट पाहण्याची आता आवश्यकता नाही. काचबिंदूत तर वाट पाहणे घातकच असते. त्यात दृष्टीची नस कुजबुज न करता सुकत जाते, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून चाळिशी लागली की केवळ चष्मा न घेता डोळ्यांची पुरती तपासणी करून घ्यावी.

शस्त्रक्रियेनंतर आजी काळा चष्मा लावून अंगणात बसली. नातवाच्या नाकावर चष्मा नाही, हे तिने पाहिले. "अरे, मला दिसावे म्हणून एवढी धडपड केलीस, आणि स्वतः मात्र आंधळी कोशिंबीर खेळतोस होय?" ती म्हणाली. मुलगा खजील झाला. त्या दिवसापासून चष्मा पुन्हा दप्तरात गेला नाही.

काही विकार मात्र गाजावाजा करीत येतात. मराठीत 'डोळे जाणे' ही आपत्ती आणि 'डोळे येणे' हाही आजारच! २०२३ सालच्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची मोठी साथ आली होती. डोळा लाल होतो, चुरचुरतो, सकाळी पापण्या चिकटतात. रोग्याच्या डोळ्यांकडे पाहिल्याने ही साथ लागत नाही. ती हात, रुमाल, टॉवेल आणि उशी यांतून पसरते. म्हणून हात वरचेवर धुवावे, डोळे चोळू नयेत आणि दुसऱ्याचे औषध आपल्या डोळ्यात घालू नये. रांजणवाडी झाल्यास ती पिळू नये. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ फडक्याने शेकावे. पूर्वी खुपऱ्यांनी असंख्य लोकांची दृष्टी नेली. स्वच्छ पाणी, धुतलेले चेहरे आणि औषधे यांच्या बळावर तो रोग मागे हटला, आणि भारतात तो आता सार्वजनिक आरोग्यापुढील संकट राहिला नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले. दिवेलागणीनंतर एखादे मूल ठेचकाळू लागले, तर तो रातांधळेपणा असू शकतो. अन्नात अ जीवनसत्त्व कमी पडल्याने तो होतो. शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा, दूध आणि अंडी यांत त्याचे निवारण आहे.

डोळ्याला झालेली इजा मात्र क्षणाचाही विलंब सोसत नाही. १८१२ साली फ्रान्समधील एका खेड्यात, खोगीर बनविणाऱ्या बापाच्या कामाच्या खोलीत, तीन वर्षांचा एक मुलगा चामडे भोसकण्याच्या आरीशी खेळत होता. आरी निसटून त्याच्या डोळ्यात गेली. जखम चिघळली, पुढे दुसरा डोळाही गेला आणि पाचव्या वर्षी तो पूर्ण अंध झाला. तो मुलगा म्हणजे लुई ब्रेल. पंधराव्या वर्षी त्याने उठावदार ठिपक्यांची लिपी शोधून काढली, आणि जगभरच्या अंधांना वाचनाचे दार उघडले. त्याची थोरवी वंदनीय आहे. परंतु ती आरी उंचावर ठेवलेली असती, तर त्याचे डोळे वाचले असते. विटी-दांडू, बाण, फटाके, कापणीच्या वेळी डोळ्यात जाणारे भाताचे कूस, पानाच्या डब्यातील चुना, या आजच्या आऱ्या आहेत. चुना डोळ्यात गेला तर निदान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याच्या धारेने डोळा धुवावा आणि तडक रुग्णालय गाठावे. टोकदार वस्तू रुतली असेल, तर ती काढू नये, डोळा चोळू नये, तेल, मध किंवा अंगावरचे दूध घालू नये. बाहुलीत पांढरी चमक दिसणे, डोळा फार दुखणे, एकाएकी अंधुक दिसू लागणे, ही तर त्याच दिवशी वैद्याकडे नेण्याची लक्षणे होत.

काही दिवसांनी त्या वर्गात एक नवा विद्यार्थी आला. फळ्याकडे पाहताना तो डोळे बारीक करी. मुले हसली. चष्मेवाला मुलगा मात्र उठून उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, याला पुढे बसवा. याला दिसत नसावे." नव्या मुलाने आश्चर्याने त्याच्याकडे पाहिले. जे त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते, ते दुसऱ्याने ओळखले होते.

जुनी माणसे 'डोळ्यांत तेल घालून जपणे' असे म्हणत. डोळ्यांत तेल कधीच घालू नये. परंतु ते जपावे मात्र त्याच दक्षतेने, स्वतःचे तर खरेच, आणि शेजाऱ्याचेही.