कोंबडे झाकण्याची वेळ

‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ ही म्हण मी वर्गात जवळजवळ तीस वर्षे शिकवीत आलो आहे. सत्य लपविता येत नाही, असा तिचा अर्थ फळ्यावर लिहायचा, मुलांकडून वाक्यात उपयोग करून घ्यायचा आणि पुढच्या म्हणीकडे वळायचे, हा आमचा परिपाठ. परंतु मुळात लोक कोंबडे झाकतात कशासाठी, हा प्रश्न ना कधी मला पडला, ना सुरतेच्या दाट वस्तीत वाढलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना. नवापूरला आजोळी लहानपणी जे पाहिले होते, ते शहरातील इतक्या वर्षांनी पुसून टाकले होते. ते पुन्हा आठवले गेल्या पौषात, इच्छापोरला.

नाना आमच्या शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झाले. मूळचे अमळनेरकडचे, उधना-जळगाव मार्गावरच्या गाड्यांनी ज्या असंख्य खानदेशी कुटुंबांना सुरतेस आणून सोडले, त्यांपैकी एक. सारी हयात त्यांनी लिंबायतच्या एका खोलीत काढली. मुलगा हजिऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीस लागला, तेव्हा त्याच्या सोयीने इच्छापोरच्या शिवेला लहानसे घर झाले. घरामागे थोडी मोकळी जागा मिळाली आणि माईंनी, म्हणजे नानांच्या सौभाग्यवतींनी, माहेरी सुटलेला एक संसार पुन्हा मांडला: चौदा गावठी कोंबड्या, एक कोंबडा, एक मांजरी आणि काळ्या नावाचा कुत्रा. ‘सर, एकदा या, घरची अंडी खाऊन जा,’ असा नानांचा निरोप दोनदा आला होता. वासी उत्तरायणाची सुटी पाहून मी निघालो.

अडाजण आणि पाल मागे टाकून हजिऱ्याचा रस्ता धरला की शहर संपते असे वाटते, पण ते संपत नाही. केवळ विरळ होते. टँकर आणि मालमोटारींची रांग, दूरवर कारखान्यांची धुराडी, आणि मधूनच अकस्मात भाताची खाचरे व उसाचे फड. काकरापारचा बंधारा आणि १९७२ साली पुरे झालेले उकाईचे धरण यांनी या मुलखाला ऊस दिला. हाच रस्ता पुढे सुवाळीच्या किनाऱ्याकडे जातो, जेथे १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्या गलबतांची झुंज झाली. पारशी मंडळींत इच्छापोरिया हे आडनाव आढळते, ते याच गावाची आठवण देणारे. कोंबडे आणि कुत्रा या दोन प्राण्यांचा पारशी धर्मग्रंथात मोठा मान आहे. पहाटे माणसाला जागविणारा पक्षी म्हणून वंदिदादात कोंबड्याचे कौतुक आहे, आणि घर व कळप राखणाऱ्या कुत्र्यांविषयी तर त्यात एक संबंध प्रकरणच आहे. बसमध्ये हे सारे मनात घोळत होते. पुढे काय वाढून ठेवले आहे, याची कल्पना नव्हती.

घराच्या फाटकातच माई बसलेल्या दिसल्या. अंगणात पोत्यावर नऊ कोंबड्या ओळीने ठेवल्या होत्या. कोणाची मान मोडलेली, कोणाची पाठ फाटलेली. आणखी दोन नाहीशाच झाल्या होत्या. कोंबडा आणि तीन कोंबड्या आढ्याला चिकटून वाचल्या. ‘एकीला खाल्लं असतं तर मी म्हटलं असतं, भूक होती बिचाऱ्याला. पण नऊ मारून टाकून गेला, सर,’ असे माई म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपू लागल्या. या कोंबड्यांच्या अंड्यांवर घरात त्यांचा स्वतःचा असा थोडा पैसा येत होता. उभ्या संसारात पहिल्यांदाच.

मारून टाकून जाणे हा प्रकार माणसाला क्रौर्याचा वाटतो. पण त्यामागे द्वेष नसतो. रानात एक शिकार हाती लागली की बाकीचे पक्षी उडून जातात आणि प्रसंग तेथेच मिटतो. खुराड्यात पळायला वाट नसते. फडफड चालूच राहते आणि जोवर काहीतरी हलते आहे तोवर शिकारी प्राण्याची झडप थांबत नाही. याचा अर्थ असा की, आपण बांधलेले खुराडे कच्चे असेल तर ते कोंबड्यांचे रक्षण तर करीत नाहीच, उलट त्यांना कोंडून ठेवते.

आम्ही खुराड्याभोवती फिरून पाहिले. एका कोपऱ्यात जाळीखालची माती उकरलेली होती. ओल्या मातीत पंजे उमटले होते, आणि नखांच्या खुणा स्पष्ट होत्या. मांजराच्या जातीचे प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, म्हणून रानमांजर, ज्याला आपल्याकडे बाऊल म्हणतात, ते सुटले. मुंगूस दिवसाचा गडी. धामण अंडी आणि पिले गिळते, मोठ्या कोंबडीच्या वाटेला सहसा जात नाही. उदमांजर छपराच्या फटीतून येते, उकरीत बसत नाही. उरले दोघे: कोल्हा किंवा कुत्रा. आठवड्यापूर्वीच शेजारचा फड तोडला गेला होता. ऊस उभा असतो तोवर त्यात कोल्ह्याचे घर असते. तोड झाली की तो उघड्यावर पडतो. शेजारी सांगू लागले, ‘शियाळच! रात्री ओरडत होते.’ पण कोल्हे तर रोजच ओरडतात. आणि गावच्या उकिरड्यावर पोसलेली दहा-बारा मोकाट कुत्री समोरच उन्हात पडली होती. त्यांचा पंजा आणि कोल्ह्याचा पंजा यांतला फरक सांगण्याइतका जाणता आमच्यापैकी कोणी नव्हता. माझे स्वतःचे मत विचाराल तर, खेड्यापाड्यांत कोल्ह्याच्या नावावर जमा होणाऱ्या कोंबड्यांपैकी पुष्कळशा कुत्र्यांनीच नेलेल्या असतात.

नानांचा मुलगा मात्र वाट पाहायला तयार नव्हता. पाळी संपवून घरी आला तो पिशवीतून भातावर फवारायच्या औषधाची बाटली घेऊनच. मेलेल्या दोन कोंबड्यांत ते भरून रात्री बांधावर टाकायचे, असा बेत. आरोपी ठरला नव्हता. फाशी मात्र ठरली होती. नाना गप्प होते. मुलाचा राग त्यांना आईसाठी आहे हे दिसत होते.

तेव्हा मी, शाळेबाहेर सहसा बोलत नाही ती गोष्ट बोललो. नवापूरला माझ्या आजोबांनी असेच एकदा कोल्ह्यासाठी विषारी मांस टाकले होते. मी तेव्हा आठ वर्षांचा असेन. सकाळी कोल्हा कोठेच नव्हता. आमचा मोती विहिरीच्या थारोळ्यापाशी पाय झाडीत पडला होता. तोंडाला फेस, आणि डोळे मात्र ओळख देणारे. त्याला साखळी घालून ठेवण्याचे काम मला सांगितले होते. मी ते विसरलो होतो. आजोबांनी मला एक शब्दही बोलला नाही, आणि तेच मला आजवर जड जाते. मी एवढे सांगितले आणि काळ्याकडे पाहिले. तो माईंच्या पायाशी बसला होता. मुलाने बाटली उचलून पुन्हा पिशवीत ठेवली.

कायद्याचे मी नंतर बोललो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्हा, रानमांजर, मुंगूस या साऱ्यांना संरक्षण आहे. विष घालणे हा गुन्हा आहे. पण सुरतकराला पटावे असे कारण याहून जवळचे आहे. १९९४ चा सप्टेंबर ज्यांनी येथे पाहिला त्यांना प्लेग हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गाड्यांच्या टपावर बसून लोक शहर सोडून पळाले होते. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात भाताच्या आणि उसाच्या शेतांत राबणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा ताप होतो, तोही मुख्यतः उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून. राजस्थानात सरिस्का येथे झालेल्या अभ्यासात एक रानमांजर दिवसाकाठी तीन ते पाच उंदीर खाते असे आढळले; म्हणजे वर्षाला हजाराच्या वर. कोल्हाही बांधाबांधावर उंदीरच हुडकीत फिरतो. अशा राखणदाराला मारून आपण काय मिळविणार?

दुपारी जेवणे उरकून आम्ही खुराड्याला हात घातला. पूर्वी लावलेली होती ती षट्कोनी छिद्रांची बारीक तारेची जाळी. ती विकताना दुकानदार ‘कोंबडीजाळी’ म्हणून विकतो, आणि नाव खरेच आहे: कोंबडी बाहेर जाऊ नये एवढेच तिचे काम. कुत्र्याचे किंवा कोल्ह्याचे दात ती सहज फाडतात. तिच्या जागी अर्ध्या इंची चौकोनांची, सांधे जोडलेली जाड जाळी लावली. तिच्यातून मुंगसाचे डोकेही जात नाही. खालच्या बाजूस हीच जाळी वीतभर खोल पुरून पुढे फूटभर बाहेरच्या अंगाला वळविली आणि वर माती व विटा टाकल्या. उकरणारा प्राणी नेहमी भिंतीला लागूनच उकरतो. चार पावले मागे सरून उकरावे हे त्याला सुचत नाही. पंजाला जाळी लागली की तो कंटाळून जातो. वर छप्पर, आत जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर बसायला बांबू, आणि दाराला साध्या खुंटीऐवजी दोन कड्या. हे सारे काम नानांनी केले, मी फक्त जाळी ओढून धरली. हाताला दोन ठिकाणी तार लागली.

मधूनच एखादा कापलेला पतंग अंगणावरून तरंगत जाई. त्याची सावली सरकली की उरलेल्या तिन्ही कोंबड्या मान वाकडी करून वर पाहत आणि पडवीखाली धूम ठोकीत. दिवसा शिक्रा आणि घार पिलांवर टपून असतात, त्यासाठी अंगणावर जुने मासेमारीचे जाळे ताणायचे ठरले. छप्पर आणि जाळे यांचा आणखीही एक उपयोग आहे. २००६ च्या फेब्रुवारीत भारतातील बर्ड फ्लूची पहिली साथ आमच्या नवापुरातच उघडकीस आली, आणि मोठमोठ्या शेडमधल्या पक्ष्यांबरोबर गरिबांच्या अंगणातल्या कोंबड्याही सरकारी पथकांनी नेऊन मारल्या. रानपक्ष्यांची विष्ठा कोंबड्यांच्या दाण्यापाण्यात पडू नये, ही खबरदारी तेव्हापासून आमच्याकडे कोणाला सांगावी लागत नाही.

काळ्याला रात्री खुराड्याजवळ मोकळे बांधावे, असे मुलाचे म्हणणे होते. नानांनी मान हलविली. त्यांचा चुलतभाऊ दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला मांडवी-महुवाकडे येतो. धुळे, नंदुरबार आणि डांगातून अशी कितीतरी कुटुंबे हंगामभर फडाच्या कडेला पालात राहतात. सोबत पोरेबाळे, कोंबड्या आणि कुत्री. तिकडे भय कोल्ह्याचे नाही, बिबट्याचे. गुजराती भाषेत दीपडो. गुजरातेत २०१६ च्या गणनेत १,३९५ बिबटे होते, २०२३ मध्ये २,२७४ झाले. आणि आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्याच्या आहाराचा जो अभ्यास झाला, त्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के भक्ष्य पाळीव जनावरांचे निघाले. त्यातील ३९ टक्के एकट्या कुत्र्यांचे. साखळीने बांधलेला कुत्रा राखण करीत नाही, तो ताटात वाढलेला असतो. हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात, कारण बिबट्या प्रथम नरडी धरतो. इच्छापोरला बिबट्या नाही. तरी काळ्या त्या रात्रीपासून पडवीत, दाराआड झोपू लागला. मांजरीलाही दिवेलागणीनंतर बाहेर सोडायचे नाही, असे ठरले. काळ्याला रेबीजची लस टोचून घेण्याचे मात्र मी नानांकडून कबूल करून घेतले. कोल्ह्याशी झोंबलेले कुत्रे घरात घेणे ही वेगळीच जोखीम आहे.

फाल्गुनात मी पुन्हा गेलो. शेजारच्या हळपती वस्तीतून माईंनी सहा तलंगा विकत आणल्या होत्या, आणि जुन्यांपैकी एकीने सात पिले काढली होती. अंडी खाल्ली. संध्याकाळी नाना म्हणाले, ‘थांबा सर, आता बघा.’ ऊन भिंतीवरून उतरू लागले तशा कोंबड्या आपण होऊन खुराड्यात शिरू लागल्या. पिलांची आई मात्र अंगणातच रेंगाळली; तिच्यावर माईंनी मोठे डालगे उपडे घातले आणि ते पिलांसकट उचलून आत नेले. कोंबडेही तसेच झाकले. मी आजोळी हे शेकडो वेळा पाहिले होते.

माई कडीला हात घालून मोजू लागल्या. आठ भरल्या, नववी नाही. त्या पुन्हा मोजून आल्या, आठच. नाना बॅटरी घेऊन उसाच्या खोडव्याकडे निघाले, मुलगा फाटकाबाहेर धावला. तेवढ्यात पाण्याच्या टाकीवर तांबडी तलंग अंग फुगवून बसलेली मला दिसली. ‘तीऽ तीऽ तीऽ’ माईंनी हाक दिली. ती जागची हलली नाही. शेवटी नानांनी शिडी लावून तिला काखेत धरून खाली आणले. ती आत गेली. तापीच्या अंगाला पहिली कोल्हेकुई उठली, आणि माईंनी एकापाठोपाठ एक दोन्ही कड्या लावल्या.