त्याच महिन्याची पुढची पानं

१७ सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आटोपलं. रझाकारी काळावरची कादंबरी आमच्या उदगिरात कुणी कादंबरी म्हणून वाचतच नाही. हे गाव कोणतं, तो देशमुख कुणाचा, अशी उलटतपासणीच होते. मला ते आवडतं. पण गोष्ट निजामाच्या हैदराबादवरच्या १९४८च्या पोलीस कारवाईपुढं सरकली, की तोच वाचक म्हणतो, ‘लेखकानं वाढवून लिहिलंय.’ तेव्हा उदगीर बीदर जिल्ह्यात होतं. कारवाईदरम्यान आणि नंतर झालेल्या मुसलमानांच्या कत्तलींचा सर्वाधिक फटका बसलेल्या चार जिल्ह्यांत सरकारनंच पाहणीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं बीदरही धरला. एकूण मृतांचा तिचा अंदाज किमान २७ ते ४० हजार. सरकारनं तिचा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच केला नाही. निजामाच्या जुलमावर रडणाऱ्यानं ही पानं उलटून जाणं म्हणजे निव्वळ पक्षपात.