पुसून काय उरते?

दिलेल्या संबंधातून स्वेच्छ स्थिरांक किंवा स्वेच्छ फलन काढून टाका आणि आंशिक विकलक समीकरण बनवा, हा गणिताच्या पेपरातला हमखास गुण देणारा प्रश्न. त्यामुळे त्याचा विचार कोणी करीत नाही! स्थिरांक काढणे सोपे. ते दोन असतील तर क्ष व य यांच्या संदर्भात एकेकदा विकलन करायचे, की दोघांची हकालपट्टी.

फलनाचे तसे नाही. त्याचा आकारच ठाऊक नसतो. मला ते उमगले मालवणच्या बंदरावर. आकार न बदलता 'व' वेगाने येणारी लाट घ्या. क्ष हे अंतर, ट हा वेळ. मग लाटेची उंची म्हणजे (क्ष − वट) चे कोणतेही फलन. दोन्हींच्या संदर्भात विकलन केले की फलन गळते आणि उरते एवढेच: एका जागी पाणी चढण्याचा दर म्हणजे लाटेचा वेग गुणिले तिचा उतार, उणे चिन्हासह. लाट उभी असो की पसरट. (किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेचे गणित निराळे.) येणारी व परतणारी अशा दोन लाटा घेतल्या तर फलने दोन, म्हणून विकलन दोनदा, फ्रेंच गणिती दालांबेर याने ताणलेल्या तारेसाठी १७४७ मध्ये मांडलेले समीकरण ते हेच.

बाबा रापणीला जातात. शाळा त्यांची चौथीत सुटली. वही पाहून म्हणाले, "सगळा पुसून टाकलंस, मगे उरला काय?"

"पाणी किती बेगीन चढता, ता."

"ता माका होडयेतसूनच दिसता," म्हणत ते फाटके जाळे शिवायला बसले. वही मात्र मिटली नाही. थोड्या वेळाने बोटे लुंगीला पुसून त्यांनी पुढचे पान उलटले.