काखेतली बाटली

लग्नाला चार वर्षं झाली तोवर हिच्या तीन सोनोग्राफ्या, एक नळ्यांची तपासणी आणि अंबरनाथच्या शिवमंदिरातले सोळा सोमवार उरकले होते. माझी तपासणी? एकही नाही. आईच्या लेखी तो प्रश्नच नव्हता. खरं सांगायचं तर माझ्याही.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हिची जाडजूड फाईल बाजूला सारली. "आधी तुमचं सांगा. लघवीला जळजळ, गोट्यांत दुखणं, ताप?" मी नाही म्हणालो. ही म्हणाली, "अहो, मागच्या गणपतीत चार दिवस पाय फाकवून चालत होतात, ते?"

डावी बाजू सुजली होती, हे खरं. आनंदनगर एमआयडीसीत मी लेथवर असतो. जॉब उचलताना शीर आखडली असेल म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणल्या. दोन दिवसांत दुखणं उतरलं, उरलेल्या गोळ्या ड्रॉवरमध्ये गेल्या. लोकलच्या डब्यात चिकटवलेली गुप्तरोगाची पत्रकं वाचून वाचून डॉक्टरकडे जायची हिंमत तशीही नव्हती.

वीर्यतपासणीसाठी तीन दिवस संयम पाळला. लॅबच्या त्या कोंदट खोलीत काही जमेना, तेव्हा नमुना घरून आणायची परवानगी मिळाली. अट एकच: तासाच्या आत, आणि थंड होऊ द्यायचा नाही. बदलापूरहून लोकल पकडली, बाटली काखेत दाबलेली. अंबरनाथला चढलेल्या एका काकांनी विचारलं, "हात दुखावलाय का?" मी "हो" म्हणालो आणि त्यांनी बिचाऱ्यांनी उठून मला जागा दिली.

रिपोर्टमध्ये एका मिलीलिटरला शुक्राणू १ कोटी १० लाख. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची खालची मर्यादा १ कोटी ६० लाख. हालचाल करणारे १८ टक्के, हवेत निदान ४२. पांढऱ्या पेशी मात्र १० लाखांच्या मर्यादेच्या कितीतरी वर.

डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीवर चित्रच काढलं. वृषणामागे एक गुंडाळलेली नळी असते, उलगडली तर सहाएक मीटर भरेल. शुक्राणू तिच्यातच पोहायला शिकतात. वीर्यातलं पाणी येतं मुख्यतः शुक्राशयांतून आणि प्रोस्टेटमधून. यांतल्या कुठल्याही जागी जंतू बसले, लघवीच्या वाटेने चढलेले असोत की लैंगिक संबंधातून आलेले, की पांढऱ्या पेशी धावून येतात. जंतूंवर त्या जे रसायन सोडतात त्यात शुक्राणूही होरपळतात. सूज फार टिकली तर नळी आतून चिकटते. आपल्याकडे क्षयही तिथे बसतो, म्हणून त्याचीही तपासणी झाली, तो नव्हता.

गोळ्या दोघांनाही दिल्या. हिला कशाला, म्हणून मी तोंड उघडलं. डॉक्टरांनी नुसतं बघितलं. एक शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे पुढचा रिपोर्ट तीन महिन्यांनी.

त्यात पांढऱ्या पेशी गेल्या होत्या. हालचाल ३७वर. संख्या मात्र जवळपास तिथेच. "डावी नळी बंद झाली असेल तर गोळीने उघडणार नाही," डॉक्टर म्हणाले. "उजवीवर भिस्त ठेवू. सहा महिने बघू, मग पुढचं."

घरी आई लसूण सोलत होती. "काय आलं हिचं?"

"हिचं नाही, माझं." होतं ते सगळं सांगितलं.

आणखी दोन पाकळ्या सोलून झाल्यावर ती म्हणाली, "मग आता सोमवार तू धर."