बरोबरीतले आठजण

गावातला माणूस पाणीपुरवठ्याबद्दल विचारलं की ‘बरं चाललंय’ म्हणतो. प्रगणक त्यापुढे ‘समाधानी’वर खूण करतो आणि माहिती संगणकात भरताना त्याचे ४ होतात. १ ते ५ गुणांची ही रीत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. सोयीची आहे, पण ४ लिहिले की लगेच सरासरी काढण्याचा मोह होतो. ‘असमाधानी’ ते ‘मध्यम’ हे अंतर आणि ‘समाधानी’ ते ‘अतिशय समाधानी’ हे अंतर सारखंच, असं त्या माणसानं कुठं म्हटलंय? त्यानं सांगितला तो फक्त क्रम. म्हणून मी क्रम सहसंबंधाचा आग्रह धरतो.

चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ साली ही वाट दाखवली. दोन्ही प्रश्नांच्या उत्तरांना क्रमांक द्यायचे आणि ते क्रमांक एकमेकांबरोबर कितपत चढतात-उतरतात ते पाहायचं. कॉलेजात याचं एक सुटसुटीत सूत्र शिकवतात: क्रमांकांमधल्या फरकांच्या वर्गांची बेरीज सहापट करा, तिला n(n²−१) नं भागा (n म्हणजे माणसांची संख्या), उत्तर एकातून वजा करा. क्रमांक सगळे वेगवेगळे असतील तर ते चोख आहे. प्रश्नावलीत मात्र पर्याय पाच आणि माणसं शेकड्यांनी, त्यामुळे बरोबरी अटळ.

दहाजण घ्या. पाण्याबद्दल आठजण ‘समाधानी’, पहिला ‘अतिशय समाधानी’, दुसरा ‘असमाधानी’. ग्रामपंचायतीच्या कारभाराबद्दलही आठजण ‘समाधानी’, पण इथं वर गेला तिसरा आणि खाली आला चौथा. बरोबरीतल्या आठांना सरासरी क्रमांक ५.५, वरच्याला १०, खालच्याला १. चौघांच्या क्रमांकांत प्रत्येकी ४.५ चा फरक, वर्गांची बेरीज ८१. सुटसुटीत सूत्र सांगतं: ०.५१. अहवालात लगेच ‘मध्यम स्वरूपाचा संबंध’ असं वाक्य येतं. आता त्याच क्रमांकांवर कार्ल पिअरसन यांचा नेहमीचा सहसंबंध गुणांक काढा. उत्तर येतं शून्य! ०.५१ निव्वळ बरोबरीतून उगवलेले आहेत. म्हणून प्रश्नावलीसाठी ते सूत्र वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा धोका ‘सांगता येत नाही’ या उत्तराचा. माहिती भरताना त्याला अनेकदा ९ हा संकेतांक देतात. तो वेळीच वगळला नाही, तर ज्याला मतच नाही तो माणूस समाधानाच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन बसतो. उलट अर्थाच्या प्रश्नांचे गुणही आधी फिरवून घ्यावे लागतात, नाहीतर चिन्ह बदलतं.

बरोबरी फार असली की मी मॉरिस केंडल यांच्या टाऊ या गुणांकाकडे वळतो. त्यांनी १९३८ साली माणसांच्या जोड्या मोजायला सुचवलं: दोन्ही प्रश्नांत एकाच माणसाचं उत्तर वरचं, की एकात याचं आणि दुसऱ्यात त्याचं? बरोबरीचा हिशेब धरणारं त्याचं रूप टाऊ-बी. वरच्या दहाजणांच्या जोड्या ४५. त्यांतल्या ४१ जोड्यांत निदान एका प्रश्नावर बरोबरी. उरल्या चार: दोन जुळणाऱ्या, दोन उलट्या. गुणांकाशेजारी या जोड्यांची संख्याही अहवालात छापावी, असं मी सोबत काम करणाऱ्यांना दरवेळी सांगतो.